पेटीतलं एकच फळ कापून

गणिताच्या बाईंना विचारा

प्रश्न : बाई, सप्रेम नमस्कार. मी देवगडचा आंबा बागायतदार. थोरली मुलगी मिनेसोटात एम. एस. करते. तिथं मार्च संपता संपता कॉलेजांच्या आइस हॉकीची बाद फेरी सुरू होते. होस्टेलातली पोरं पहिला सामना सुरू व्हायच्या आधीच सगळ्या पंधरा सामन्यांचे निकाल कागदावर लिहून ठेवतात. ज्याचे जास्त बरोबर, त्याला बाकीच्यांनी पिझ्झा द्यायचा. आमच्या पंचक्रोशीतल्या कबड्डीचे निकाल मी टपरीवर बसून सांगतो आणि दहांतले आठ बरोबर येतात, म्हणून ती माझ्या मागे लागली आहे. मला बर्फ मासळीच्या क्रेटमधला तेवढा ठाऊक. पेट्या भरायची घाई चालली आहे, पण लेकीला नाही कसं म्हणू? यात काही गणित आहे का? – एक वाचक, देवगड

उत्तर : गणित आहे. पण आधी माझी फजिती ऐका.

माझी भाचीही तिकडेच शिकायला होती, त्यामुळे या खेळाची लागण मला झाली ती वेंगुर्ल्यात बसून. ९ एप्रिल २०२३, पहाटे साडेपाच. तिकडे टँपामध्ये ८ तारखेची रात्र. अंतिम सामना मिनेसोटा आणि क्विनिपिॲक यांच्यात. मी वहीत लिहिलं होतं : मिनेसोटा, ७५ टक्के. मिनेसोटानं दोन गोल चढवले तेव्हा भाचीला फोनवर म्हटलं, बघ, बाईंचं गणित! क्विनिपिॲकनं एक फेडला, आणि शेवटची तीन मिनिटंही उरली नव्हती तेव्हा दुसराही फेडला. २-२. मधल्या सुट्टीत मी घावन घालायला उठले. तव्यावरचं उलटून, झाकण ठेवून बाहेर येते तर पडद्यावर पिवळ्या-निळ्या कपड्यांतली पोरं एकमेकांच्या अंगावर पडलेली. जादा वेळ सुरू होऊन दहा सेकंदांत गोल! जादा वेळेत पहिला गोल झाला की सामना तिथंच संपतो.

आता चूक कुठं झाली? मिनेसोटा हरली, ही माझी चूक नव्हे. चूक त्या ७५ मध्ये होती. मिनेसोटाला पहिलं मानांकन होतं खरं, पण क्विनिपिॲकलाही दुसरं होतं. अशा दोघांत ५५च्या वर जायला काहीच आधार नव्हता. वरचे वीस टक्के भाचीच्या प्रेमाचे.

तुमची कबड्डी इथं उपयोगी पडणार नाही, आणि का ते तुम्हाला माझ्याहून चांगलं कळेल. कबड्डीत एका सामन्यात दोन्ही बाजूंचे मिळून साठ-सत्तर गुण होतात. एक चढाई फसली, एक पकड सुटली, तरी उरलेल्या पन्नास चढायांत चांगला संघ भरून काढतो. आइस हॉकीत वीस-वीस मिनिटांचे तीन डाव आणि दोघांचे मिळून गोल किती, तर पाच-सहा. म्हणजे पेटीतलं एकच फळ कापून सगळ्या पेटीची परीक्षा करायची! फळ गोड निघालं तर पेटी चांगली असेलही. पण एखादं साक्याचं फळ हाताला लागलं, की सोन्यासारखी पेटी परत. तुम्ही चांगले पारखी असाल, पण व्यापाऱ्यानं एकच फळ कापू दिलं तर दहांतले आठ जमतील का?

तिथल्या इतिहासात अशी फळं पुष्कळ सापडतील. २००६ मध्ये होली क्रॉस नावाच्या लहानशा कॉलेजनं पहिल्याच फेरीत मिनेसोटाला जादा वेळेत ४-३ असं घरी पाठवलं. (मिनेसोटाचं नाव फारच येतंय, मुलीला हे वाचायला देऊ नका.) २०१३ची येलची गोष्ट तर मी शिकवत असते तर वर्गात सांगितली असती. सोळा संघांत त्यांचा क्रमांक पंधरावा. शेजारच्याच गावातल्या क्विनिपिॲककडून त्या हंगामात ते तीनदा हरले होते. अंतिम सामन्यात चौथ्यांदा गाठ पडली आणि येल ४-० नं जिंकलं. तीन पराभव बघून कोणीही शहाणा माणूस क्विनिपिॲकच लिहिता, आणि तसं लिहिणं बरोबरच ठरलं असतं. निकाल उलटा लागला म्हणून अंदाज मूर्खपणाचा ठरत नाही, हे मुलीला आधीच सांगून ठेवा.

आता कामाचं. पहिली गोष्ट, नुसते विजय मोजायचे नाहीत. तिथं कॉलेजांचे सहा गट आहेत आणि हंगामातले बहुतेक सामने आपापल्या गटातच होतात. कमजोर गटात पंचवीस सामने जिंकलेला संघ आणि तगड्या गटात वीस जिंकलेला, यांत दुसरा भारी असू शकतो. कोणाशी खेळून जिंकलात, हे धरणारी क्रॅच नावाची एक गुणपद्धत तिकडे आहे. तिच्या मुळाशी ब्रॅडली आणि टेरी या दोघा संख्याशास्त्रज्ञांनी १९५२ मध्ये मांडलेली रीत आहे. झेर्मेलो या गणितज्ञानं बुद्धिबळासाठी तेच १९२९ मध्ये केलं होतं. वापरायला सोपी : एका संघाचे ३०० गुण, दुसऱ्याचे २००, तर पहिल्याची शक्यता ३०० भागिले ५००, म्हणजे ६० टक्के. झालं. हे गुण इंटरनेटवर मिळतात, मुलगी काढेल. पत्रकारांच्या मतांवरून ठरवलेल्या याद्यांकडे मात्र बघू नये. नावाजलेल्या कॉलेजला तिथं नावाचेच दोन गुण जास्त मिळतात.

दुसरी गोष्ट गोलकीपर. याच्यावर जरा जास्त वेळ घालवा. समोरून एका सामन्यात तीसेक फटके येतात असं धरू. शंभरातले ९० अडवणारा गोलकीपर तीन गोल खाणार. ९२.५ अडवणारा सव्वादोन. शंभरात अडीचचा फरक, पण सामन्यागणिक पाऊण गोल! जिथं सामनेच एका गोलानं फिरतात तिथं पाऊण गोल म्हणजे फार झालं. २०२४ मध्ये डेन्व्हर विजेते झाले ते बघा. हंगामभर गोलांचा पाऊस पाडणारा हा संघ बाद फेरीत प्रत्येक सामन्यात दोनच गोल करू शकला. चार सामने : २-१, २-१, २-१, २-०. त्यातले दोन तर जादा वेळेत गेले. अंतिम सामन्यात पहिल्या मानांकनाच्या बॉस्टन कॉलेजचे ३५ फटके त्यांच्या मॅट डेव्हिसनं अडवले. उलटही होतं. २०१५च्या अंतिम सामन्यात बॉस्टन युनिव्हर्सिटी ३-२ अशी पुढे होती. लांबून आलेली साधी चकती (या खेळात चेंडूऐवजी चकती असते) त्यांच्या गोलकीपरनं हातात झेलली, ती हातातून निसटली आणि त्याच्याच जाळीत गेली. प्रॉव्हिडन्सनं तो सामना ४-३ जिंकला. हे कुठल्या सूत्रात बसवणार?

म्हणून माझा नियम : या बाद फेरीत कुठल्याही संघाला ६५ टक्क्यांच्या वर सहसा न्यायचं नाही. आता विजेता कोण ते बघू. विजेतेपदासाठी सलग चार सामने जिंकायचे. प्रत्येकात ६५ टक्के असलेल्या संघाची चारही जिंकायची शक्यता जेमतेम १८ टक्के येते. म्हणजे सगळ्यात बलाढ्य संघही शंभरातून ८२ वेळा रिकाम्या हातानं परततो. आणि पंधराच्या पंधरा निकाल बरोबर? प्रत्येक निकाल ६५ टक्के खात्रीचा असला तरी साधारण ६४० कागदांत एक. नाणं उडवून लिहिले तर ३२,७६८ त एक. तेव्हा कोणाचेही सगळे बरोबर यायचे नाहीत. मुलीला बाकीच्यांपेक्षा एखादा जास्त आला की पुरे.

आणि इथं थोडी लबाडी करायला हरकत नाही. मिनेसोटाचा संघ सोळांत असला तर होस्टेलातली निम्मी पोरं विजेता म्हणून त्याच्यावरच शिक्का मारणार. तो जिंकला तर त्या गर्दीत मुलीला वेगळं काही मिळणार नाही. तिनं पहिल्या फेरीत गुणांनी वरचढ संघच लिहावेत, पण विजेता मात्र गुणांत दुसरा-तिसरा असलेला, ज्याच्याकडे पोरांचं लक्ष नाही असा घ्यावा. होस्टेलात गद्दार म्हणतील, म्हणू देत.

एक गृहपाठ. कागदावर नुसतं नाव न लिहिता टक्केही लिहायला सांगा. मग प्रत्येक सामन्यानंतर, न घडलेल्या गोष्टीला दिलेल्या शक्यतेचा वर्ग काढायचा. तो दंड, जितका कमी तितका अंदाज चांगला. ६० लिहून संघ हरला तर ०.३६, जिंकला तर ०.१६. डोळे मिटून ५० लिहिणाऱ्याला दर वेळी ०.२५. ग्लेन ब्रायर यांनी १९५० मध्ये हवामानाचे अंदाज तपासायला ही रीत सुचवली. जाळी काढायची की नाही, हे अंदाजावर ठरवणाऱ्या आपल्या किनाऱ्याला तिची किंमत वेगळी सांगायला नको. त्या पहाटेचा माझा दंड ०.५६ होता. अजून वहीत लाल शाईनं आहे. मुलीचा कागद सामने संपल्यावर पाठवा, तपासून देईन.

प्रश्न : बाई, मोबाईलवर बर्फावरच्या हॉकीचा शेवट बघितला. हरत आलेल्या संघानं आपला गोलकीपरच बाहेर बोलावला! जाळी मोकळी. हे काय डोकं फिरल्यागत? – एक खलाशी, हर्णै

उत्तर : डोकं ठिकाणावर आहे त्यांचं. बर्फावर गोलकीपर धरून सहाच जण. तो बाहेर आला की त्याच्या जागी आणखी एक हल्ला करणारा जातो. बाद फेरीत एका गोलानं हरलात काय नि दोन गोलांनी काय, घरीच जायचं. मग दुसरा गोल खायची भीती कशाला? वर सांगितलेली क्विनिपिॲकची बरोबरी अशीच जाळी मोकळी ठेवून झाली होती.

अंदाज बांधणाऱ्यानं मात्र यातून एक लक्षात ठेवावं. ४-२ असा निकाल दिसला तर चौथा गोल मोकळ्या जाळीत गेला का ते बघावं. गेला असेल तर तो सामना ३-२ चाच समजायचा. देवगडकर, हे तुमच्यासाठीही.

प्रश्न : भाचा म्हणतो, अशा सामन्यांवर मोबाईलवरून पाचशे लाव मामा, माझा अंदाज पक्का असतो. लावू का? – चिपळूण

उत्तर : नको. २०२५ मध्ये संसदेनं कायदा करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली आहे, हे एक. दुसरं, अमेरिकेतही बरोबरीच्या पैजेवर शंभर जिंकायला साधारण एकशेदहा लावावे लागतात. म्हणजे नुसता पैसा बुडू नये म्हणून शंभरात बावन्न-त्रेपन्न वेळा बरोबर यावं लागतं. भाच्याचा अंदाज पक्का असेल तर त्याची वही मागा : मागचे वीस अंदाज, सामन्याच्या आधीची तारीख घालून, टक्क्यांसकट. वही नसेल तर विषय संपला.