वाचकांचे प्रश्न : अखेरच्या आजारात हाताखालचं माणूस

प्रश्न : शाळेतून निवृत्त झाले आहे. शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांसाठी काही करायची इच्छा आहे, पण नर्सिंग येत नाही आणि हॉस्पिस कुठे शोधायचं तेही कळत नाही. – एक वाचक, शाहूपुरी, सातारा

उत्तर : हॉस्पिस म्हणजे बरं न होणाऱ्या रुग्णाची अखेरपर्यंत काळजी घेणारी सोय. त्यासाठी इमारतच हवी, असं नाही. मुंबईत वांद्र्याचं शांती आवेदना सदन १९८६ मध्ये सुरू झालं, तिथे रुग्णाला ठेवून घेतात. केरळात मात्र कोझिकोडला १९९३ मध्ये सुरू झालेल्या कामातून पुढे वेगळीच पद्धत रुजली : रुग्ण आपल्या घरी, आणि डॉक्टर-नर्सबरोबर त्याच गावातले स्वयंसेवक त्याच्या दारी. तुम्ही साताऱ्याच्या क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालयात ‘पॅलिएटिव्ह केअर’ (आजार बरा होणार नसला तरी त्रास कमी करणारी शुश्रूषा) हा शब्द वापरूनच चौकशी करा. भागातल्या आशाताईंनाही विचारा. अंथरुणाला कोण खिळलंय हे त्यांना तोंडपाठ असतं. परस्पर कुणाच्या घरी मात्र जाऊ नका. पहिली भेट नर्सबरोबरच.

नर्सिंग येत नाही हे बरंच आहे, कारण ते तुमच्याकडून अपेक्षितच नाही. रुग्णाजवळ दिवसरात्र असणारी सून किंवा बायको आठवडेच्या आठवडे नीट झोपलेली नसते. तुम्ही दोन तास बसलात की ती आंघोळ करते, बँकेत जाते, नाहीतर शेजारच्या खोलीत आडवी होते. ‘कधीही हाक मारा’ म्हणू नका, कुणी मारत नाही. ‘दर गुरुवारी चार ते सहा’ म्हणा, आणि गुरुवार चुकवू नका. औषधांच्या वेळा ठळक अक्षरांत लिहून भिंतीला लावणं हे शिक्षिकेच्या हातचं काम. गोळी कमीजास्त करणं मात्र तुमचं नाही, अगदी रुग्णाने गयावया केली तरी. तुमच्या घरातल्या उरलेल्या गोळ्याही तिकडे नेऊ नका.

प्रश्न : मी आठवड्यातून दोनदा मिरजेतल्या एका आजोबांकडे जातो. त्यांच्या माकडहाडावर लाल चट्टा आलाय. घरच्यांनी हवेची गादी घेतली, खाली टायरसारखी उशी देतात, खोबरेल चोळतात. तरी वाढतोय. – एक स्वयंसेवक, सांगली

उत्तर : चोळणं आजच थांबवा आणि ती टायर-उशी काढून टाका. हाडावरची कातडी दाबाने आधीच रक्ताला मुकलेली असते, चोळल्याने आतली नाजूक ऊती फाटते. टायरच्या कडा भोवतीने दाब देतात, म्हणजे मधल्या भागाला होता तोही रक्तपुरवठा तुटतो.

चट्ट्यावर बोटाने तीन सेकंद दाबून सोडा. पांढरा पडून पुन्हा लाल झाला, तर वेळ गेलेली नाही. पांढरा पडलाच नाही, तर जखमेची सुरुवात झाली. नर्सला त्याच दिवशी कळवा. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तिथे हाताने बघा : भोवतालपेक्षा गरम, टणक किंवा लिबलिबीत लागतं का.

आता कूस बदलणं. साधारण दर दोन तासांनी. जुनी सुती साडी चार पदरी करून खांद्यापासून मांडीपर्यंत अंगाखाली घाला. दोघांनी दोन बाजूंनी धरून उचला, मग सरकवा. ओढलं की कातडी सोलते. घाईत नेमकं हेच होतं. पूर्ण कुशीवर आडवं करू नका, सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो. पाठीमागे उशी खोचून तीस अंशांचा कल पुरे. एक उशी गुडघ्यांमध्ये, एक पोटऱ्यांखाली, म्हणजे टाचा गादीला न टेकता अधांतरी राहतात. डोक्याकडची बाजू फार वेळ उंच ठेवली की माणूस खाली घसरतो आणि माकडहाडच घासतं. जेवण झालं की अर्ध्या-पाऊण तासाने उतरवा. ‘डावी – पाठ – उजवी’ असा तक्ता वेळेसकट लावा. चट्टा निवेपर्यंत त्यातून ‘पाठ’ गाळा.

हवेच्या गादीचा तोटा असा की ती आली की घरचे कूस बदलणं सोडतात. वीज गेली की पंप बंद. वर जाड गोधडी अंथरली तर गादी असून नसल्यासारखी. ओली चादर ताबडतोब बदला. पावडरचे थर देऊ नका, घामात गोळे होऊन टोचतात.

हलवताना कण्हत असतील, तर ठरलेली वेदनाशामक गोळी हलवण्याच्या अर्धा तास आधी येईल असा तक्ता बसवता येतो का, ते नर्सला विचारा. अगदी शेवटच्या दिवसांत दोन तासांचा हट्ट सोडावा. तिथे जखम टाळण्यापेक्षा त्यांना न दुखणं मोठं.

प्रश्न : ‘कॅन्सर’ हा शब्द काढायचा नाही, असं मुलाने बजावलंय. आणि काका माझा हात धरून विचारतात, ‘मला झालंय तरी काय?’ – एक वाचक, कराड

उत्तर : सांगूही नका, खोटंही बोलू नका. ‘तुम्हाला काय वाटतं, काका?’ एवढं विचारून गप्प बसा. बहुतेकांना अंदाज असतो, बोलायला माणूस हवं असतं. ‘डॉक्टरांनी येऊन बोलावं का?’ हेही विचारा. मग मुलाला बाजूला घेऊन काकांचे शब्द जसेच्या तसे सांगा. पुढचं डॉक्टरांचं काम.

प्रश्न : आजी चमच्याचं पाणीही गिळत नाहीत, ठसका लागतो. घरचे म्हणतात, उपाशी कसं ठेवायचं? – एक वाचक, वाई

उत्तर : शरीर मिटत आलं की भूक-तहान आपसूक मावळते. खाणं थांबलं म्हणून माणूस जात नाही, जात असतो म्हणून खाणं थांबतं. हे नर्सच्या तोंडून घरच्यांना ऐकवा. ओतलेलं पाणी श्वासनलिकेत जातं. त्याऐवजी कपभर उकळून गार केलेल्या पाण्यात पाव चमचा मीठ आणि पाव चमचा खायचा सोडा घाला, त्यात मऊ कापड बुडवून पिळा आणि तासा-दोन तासांनी जीभ, हिरड्या, गालांची आतली बाजू पुसा. ओठांना तूप लावा. ऑक्सिजन लावलेला असेल तर नर्सला विचारल्याशिवाय नको. गंगाजलाचा थेंब ओठांवर चालेल. तुळशीचं पानही ओठांवरच ठेवा, तोंडात नको, घशाशी चिकटतं. घशात घरघर सुरू झाली तर कुशीवर वळवा, उशी किंचित उंच करा. ती घरघर आजींना बहुधा जाणवत नसते. ऐकणाऱ्यांना सोसत नाही, तेव्हा त्यांच्याजवळ बसा.