अमेरिकेत समलिंगी लग्न कायदेशीर झालं, मग परदेशी जोडीदारासाठी वेगळी लढाई कशाला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लग्नाला मान्यता मिळाली की परदेशी जोडीदाराला ग्रीन कार्डही आपोआप मिळणार, मग अमेरिकेतल्या समलिंगी जोडप्यांनी इमिग्रेशनच्या हक्कासाठी वेगळी चळवळ का उभारली?

आपोआप काहीच मिळालं नाही. उलट २००४ ते २०१३ ही मधली नऊ वर्षं अशी गेली की लग्न केल्यामुळेच देशाबाहेर जावं लागेल अशी भीती होती. त्या काळात मी अशा जोडप्यांना कागदपत्रं लावायला मदत करायचे. लग्न ठरल्याची बातमी घेऊन हसत आलेल्या दोघांना "आधी वकिलाला विचारा, तोवर रजिस्ट्रेशन नको" असं सांगणं हे त्यातलं सगळ्यात नकोसं काम होतं.

मॅसॅच्युसेट्समध्ये मे २००४पासून दोन पुरुषांना किंवा दोन स्त्रियांना लग्न करता येऊ लागलं. पण लग्नाचा दाखला देतं राज्य, आणि व्हिसा देतं फेडरल सरकार. फेडरल सरकारचे हात १९९६च्या 'डिफेन्स ऑफ मॅरेज ॲक्ट'नं, म्हणजे डोमानं, बांधलेले होते: लग्न म्हणजे एक पुरुष आणि एक स्त्री, दुसरं काही नाही. त्यामुळे दाखला खरा असूनही इमिग्रेशन खात्याच्या लेखी ती दोघं एकमेकांची कुणीच नव्हती.

इथवर नुसता अन्याय म्हणता येईल. खरा फास पुढे होता. पर्यटक किंवा विद्यार्थी व्हिसा मिळतो तो 'मी मुदत संपली की परत जाईन' या बोलीवर. अमेरिकन नागरिकाशी लग्न केलेला माणूस परत जाईल यावर विमानतळावरचा अधिकारी विश्वास का ठेवेल? म्हणजे ग्रीन कार्ड मागताना ते लग्न नव्हतंच, आणि संशय घेताना मात्र ते लग्न पुरेपूर होतं. हे समजलं की वेगळी चळवळ का, हा प्रश्न उरत नाही.

शिवाय राहण्याचा हक्क लग्नाआधीही देता येतो. ब्रिटननं १९९७मध्ये अविवाहित समलिंगी जोडीदारांना सवलत दिली. तिथे लग्न कायदेशीर व्हायला २०१४ उजाडलं. कॅनडानं २००२मध्ये लागू झालेल्या इमिग्रेशन कायद्यात अशा जोडीदारांना जागा दिली, देशभर लग्न आलं २००५मध्ये. कित्येक अमेरिकन नागरिक आपल्याच देशात जोडीदाराला आणता येत नाही म्हणून कॅनडात जाऊन राहिले. अमेरिकेतही तोच मार्ग धरला गेला. २०००मध्ये न्यूयॉर्कचे काँग्रेस सदस्य जेरॉल्ड नॅडलर यांनी एक विधेयक मांडलं. त्याचा गाभा छोटासा होता: इमिग्रेशन कायद्यात जिथे पती किंवा पत्नी आहे, तिथे 'कायमचा जोडीदार'ही धरा. पुरावे तेवढेच कडक, आणि खोटं नातं दाखवलं तर शिक्षाही खोट्या लग्नाइतकीच, पाच वर्षांपर्यंत कैद. पुढे त्याचं नाव 'युनायटिंग अमेरिकन फॅमिलीज ॲक्ट' झालं. ते पुन्हा पुन्हा मांडलं गेलं आणि कधीच मंजूर झालं नाही.

मग त्याचा उपयोग काय झाला? माझ्या मते, चेहरे दिसले. जून २००९मध्ये सिनेटच्या न्याय समितीसमोर कॅलिफोर्नियातल्या एका फिलिपिनो बाईनं साक्ष दिली. जोडीदारीण अमेरिकन नागरिक, घरात जुळे मुलगे, आणि तिच्यावर हद्दपारीची टांगती तलवार. आई बोलत असताना एक मुलगा रडू लागला. 'हे लोक लग्नाच्या वादात इमिग्रेशन घुसडतात' असं म्हणणाऱ्यांची त्या दिवशी अडचण झाली असणार. अशी जोडपी मूठभर नव्हती. समलिंगी लोकांच्या प्रश्नांवर संशोधन करणाऱ्या विल्यम्स इन्स्टिट्यूटच्या अंदाजानुसार एक जोडीदार नागरिक आणि दुसरा परदेशी अशी सुमारे २८,५०० समलिंगी जोडपी तेव्हा अमेरिकेत होती.

या लढाईचं मूळ मात्र आणखी जुनं. १९७५मध्ये कोलोरॅडोतल्या बोल्डर इथे एका काउंटी क्लार्कनं, म्हणजे स्थानिक नोंदणी अधिकाऱ्यानं, काही समलिंगी जोडप्यांना लग्नाचे परवाने दिले. त्यात अमेरिकन रिचर्ड ॲडम्स आणि ऑस्ट्रेलियन अँथनी सुलिव्हन होते. ॲडम्सनी जोडीदारासाठी अर्ज केला, तर सरकारी पत्रात चक्क समलिंगी पुरुषांसाठीची शिवी वापरून उत्तर आलं की अशा दोघांत खरं वैवाहिक नातं असूच शकत नाही. लेटरहेडवर, सहीनिशी! १९८२मध्ये ते अपिलात हरले. १९८५मध्ये हद्दपारी थांबवण्याची सुलिव्हन यांची विनंतीही फेटाळली गेली, आणि तो निकाल लिहिला होता न्यायाधीश अँथनी केनेडी यांनी.

हे नाव लक्षात ठेवा. त्याआधी मे २०१३ बघू, कारण त्या महिन्याचा राग मला अजून आहे. सिनेटमध्ये इमिग्रेशन सुधारणेचं मोठं विधेयक आलं होतं. सिनेटर पॅट्रिक लेही यांनी त्यात समलिंगी जोडीदारांची दुरुस्ती सुचवली. विधेयकातले रिपब्लिकन भागीदार म्हणाले, हे घातलंत तर आम्ही बाहेर पडू. लेहींना दुरुस्ती मागे घ्यावी लागली. लाखो लोकांच्या कागदपत्रांचा प्रश्न त्या विधेयकावर अवलंबून होता, हे मला तेव्हाही कळत होतं. तरी 'तुम्ही जरा थांबा' हे प्रत्येक वेळी त्याच लोकांना सांगायचं, हे पटलं नाही. गंमत म्हणजे ते विधेयक सिनेटमध्ये मंजूर झालं आणि प्रतिनिधिगृहात तसंच पडून राहिलं.

दार उघडलं ते वारसा कराच्या खटल्यानं. न्यूयॉर्कच्या एडिथ विंडसर यांना जोडीदारणीच्या निधनानंतर ३,६३,०५३ डॉलर फेडरल कर भरावा लागला होता, जो विधवा म्हणून मानलं असतं तर लागलाच नसता. २६ जून २०१३ला सर्वोच्च न्यायालयानं ५ विरुद्ध ४ मतांनी डोमाचं लग्नाची व्याख्या करणारं ते कलम रद्द केलं. बहुमताचा निकाल लिहिला केनेडी यांनीच. काही दिवसांतच पहिलं ग्रीन कार्ड मंजूर झालं, आणि जुलैमध्ये इमिग्रेशन अपील मंडळानं स्पष्ट केलं की लग्न जिथे झालं तिथे वैध असलं की पुरे. सुलिव्हन यांना २०१६मध्ये ग्रीन कार्ड मिळालं, विधुर म्हणून. ॲडम्स डिसेंबर २०१२मध्येच गेले होते.

तुम्ही स्वतःसाठी विचारत असाल तर एवढं ध्यानात ठेवा. भारतात समलिंगी लग्नाची नोंद होत नाही. सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२३मध्ये तो हक्क नाकारला. त्यामुळे एक तर जिथे ते कायदेशीर आहे अशा देशात लग्न करावं लागतं, नाही तर अमेरिकन जोडीदारानं के-१ हा वाग्दत्त व्हिसा मागायचा आणि तिथे पोहोचल्यावर ९० दिवसांत लग्न करायचं. आधीच बेत ठरवून पर्यटक व्हिसावर जाऊ नका. खोटी माहिती दिल्याचा ठपका बसला तर तो फार काळ पाठ सोडत नाही. नातं खरं असल्याचे पुरावेही लागतात, आणि घरच्यांपासून लपवलेल्या नात्यात नेमके तेच नसतात: नातेवाइकांबरोबरचे फोटो नाहीत, आईवडिलांचं पत्र नाही. मग भाडेकरार, एकत्र खातं, प्रवासाची तिकिटं, मित्रांची शपथपत्रं, जुने मेसेज यांवर भर द्यावा लागतो. घरच्यांना का सांगितलं नाही हे अर्जात सरळ लिहा, लपवू नका.

आणि मुलं हवी असतील तर तोही विषय वकिलाकडे आत्ताच काढा. परदेशात जन्मलेल्या मुलाचं नागरिकत्व ठरवताना त्याचं नागरिक पालकाशी रक्ताचं नातं आहे का, हे अमेरिकेचं परराष्ट्र खातं तपासायचं, आणि त्यात विवाहित समलिंगी जोडपी अडकायची. तो नियम बदलायला मे २०२१ उजाडावं लागलं.