जॉन म्युअर ट्रेल एकट्याने करायचा असेल तर तयारी कुठून सुरू करावी?

सह्याद्रीत बारा वर्षं भटकून झालीत, पुढच्या वर्षी तीन आठवड्यांची रजा मिळतेय आणि कॅलिफोर्नियातला जॉन म्युअर ट्रेल एकट्याने करायचाय, असं तुम्ही लिहिलंय. मी मूळचा नाशिकचा, आता सॅन होजेला असतो. योसेमिटी राष्ट्रीय उद्यानापासून माउंट व्हिटनी शिखरापर्यंतची ही वाट मी २२ दिवसांत चाललो. माझं उत्तर एका शब्दात: जेवणापासून.

सह्याद्रीत आपण पाणी वाहतो आणि जेवणाची भिस्त गावावर ठेवतो. टाकं आटलं असेल म्हणून चार लिटर पाठीवर, आणि संध्याकाळी कुणाच्या तरी पडवीत पिठलं-भाकरी. ही वाट जिथून जाते त्या सिएरा नेवाडा डोंगररांगेत नेमकं उलटं. ओढे आणि तळी इतकी की दीड लिटरच्या वर पाणी वाहायची वेळ क्वचितच येते. गाळून मात्र प्यायचंच. पण वाडी नाही. ३४० किलोमीटरच्या पहिल्या अर्ध्यात टुओलुमी मेडोज, रेड्स मेडो अशा ठिकाणी भर घालता येते. मध्यावर, वाटेपासून थोडंसं खाली, म्युअर ट्रेल रँच लागतं, आणि तिथून व्हिटनीच्या पायथ्याशी रस्ता लागतो त्या व्हिटनी पोर्टलपर्यंतच्या पावणेदोनशे किलोमीटरांत ना दुकान, ना रस्ता. आठ-नऊ दिवस. सगळ्यात उंच खिंडीही तिथेच. म्हणून आखणी मागून पुढे करा: आधी हे शेवटचे नऊ दिवस बसवा, मग सुरुवातीचे.

यात खरा पेच वजनाचा नाही, जागेचा आहे. तिथे अस्वलाला उघडता येणार नाही असा कडक डबा न्यावा लागतो. खाणं, टूथपेस्ट, सनस्क्रीन, वास येणारं सगळं रात्री त्यात, आणि डबा तंबूपासून लांब. हा नियम मनापासून पाळा. माणसाच्या खाण्याची चटक लागलेलं अस्वल धीट होतं आणि बहुतेकदा मारलं जातं. बाजारातला मोठा डबा साधारण साडेअकरा लिटरचा असतो. त्यात सात दिवसांचं सहज मावतं, नऊ दिवसांचं कोंबावं लागतं.

रँचवर आपण आधी पाठवलेली प्लास्टिकची बादली मिळते. ती निदान तीन आठवडे आधी टपालाने निघायला हवी, आणि गॅसचा डबा तिच्यात घालायचा नाही. मी झाडाखाली बसून बादली उघडली, सगळं डब्यात भरलं, तर झाकण चार बोटं वर राहिलं. दोष पोह्यांचा होता. हलके म्हणून मी दोन किलो घेतले होते, पण पोहे जागा फार खातात. तिथे लोक उरलेलं खाणं ठेवून जातात त्या पिंपांत मी निम्मे पोहे सोडले आणि त्या जागी दाण्याचे लाडू ठोकून बसवले. तरी फॉरेस्टर पासवर, ४,००९ मीटरवर, पोचलो तेव्हा त्या दिवसाचा एकच लाडू उरला होता. अर्धा वर खाल्ला, अर्धा उतरून.

म्हणून दाट खाणं घ्या: भाजके शेंगदाणे, लाडू, सातूचं पीठ, तुपात भाजून फोडणी घातलेला रवा. साडेतीन हजार मीटरच्या आसपास पाणी ९० अंशांच्या आतच उकळतं, त्यामुळे तूरडाळ शिजायची वाट बघत गॅस संपतो. खिचडी घरी शिजवून, पूर्ण वाळवून न्या. किराणा भारतातून ओढू नका, सॅन होजेच्या आसपासच्या बे एरियात सगळं मिळतं. आणि हिशेब जुळेनासा झाला तर मुख्य वाट सोडून कियरसार्ज पासवरून ओनियन व्हॅलीच्या रस्त्याला उतरा आणि खालच्या गावातून भर घालून परत या. एक-दोन दिवस जातात, पण पोट भरलेलं राहतं.

आता बाकीचं भराभर. योसेमिटीचा परवाना सोडतीने मिळतो, त्यासाठी निघण्याच्या २४ आठवडे आधी अर्ज करायचा. एकच तारीख धरून बसू नका. जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंतचा काळ बरा. त्याआधी खिंडींत बर्फ आणि ओढ्यांना जोर, आणि ओढे केव्हाही सकाळीच ओलांडा. दुपारी विजा होतात, तेव्हा खिंडीवर असू नका. फोनला रेंज नसते. एकटे जाताय, तर उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र घ्याच, घरच्यांसाठी तरी. आणि व्हिटनीच्या ४,४२१ मीटरवर ट्रेल संपतो, पण तिथून पोर्टलपर्यंत आणखी १७ किलोमीटर उतरायचं असतं. ते रजेत आणि डब्यात, दोन्हीकडे धरा.

सरावाला कळसूबाईच्या दहा फेऱ्या मारण्यापेक्षा एक काम करा. घरातला बारा लिटरचा डबा घ्या, त्यात मावेल तेवढंच खाणं भरा आणि रतनवाडीतून निघून रतनगड, कात्राबाई खिंड, पाचनई, हरिश्चंद्रगड करत खिरेश्वरला उतरा, चार दिवसांत. पाचनईत शिरताना चुलीवरच्या भाकरीचा वास येईल. त्या दिवशी तिथे जेवू नका. रात्री डब्यात काय उरलं, काय खावंसंच वाटलं नाही, हे वहीत लिहून ठेवा आणि बादली त्या यादीवरून भरा.