कॉर्नहोल घरी करताना : फळी सोपी, पिशव्यांनी दमवलं

ओहायोत नवीन आलाय, घरामागे थोडीशी हिरवळ आहे, कॉर्नहोलचा (तिरप्या फळीच्या भोकात दाण्यांच्या पिशव्या फेकायचा खेळ) विकतचा सेट महाग वाटतोय आणि सुतारकाम कधी केलेलं नाही, तरी घरी जमेल का असं विचारलंयत. जमतंय हो. मी आत्तापर्यंत तीन सेट केलेत, त्यातला पहिला फसला, तो कसा ते आधी सांगतो म्हणजे तुमचं लाकूड वाचेल.

इथे टू बाय फोर म्हणून जी पट्टी मिळते ती २ बाय ४ इंच नसतेच, रंधून हातात येते ती दीड बाय साडेतीन. मला काय माहीत, मी बोर्डाच्या २४ इंच रुंदीतून दोन्हीकडचे २-२ इंच वजा केले, आडव्या पट्ट्या २० इंचाच्या कापल्या आणि चौकट वरच्या प्लायवूडपेक्षा इंचभर अरुंद झाली. तर आडव्या २१ इंचाच्या आणि लांब बाजूच्या ४८ च्या. ८ फुटी चार पट्ट्यांत दोन्ही बोर्डांच्या चौकटी आणि पाय आरामात निघतात.

प्लायवूड अर्धा इंची घ्या, ४ बाय ८ फुटांच्या शीटमधून २ बाय ४ चे चार तुकडे पडतात म्हणजे दोन सेट, सो एखादा शेजारी भागीदार करा. बऱ्याच मोठ्या दुकानांत तिथेच कापून देतात, मग गाडीतही मावतं. भोक ६ इंच व्यासाचं, त्याचा मध्य वरच्या काठापासून ९ इंचावर आणि दोन्ही बाजूंपासून १२ वर. खिळा, ३ इंच दोरी आणि पेन्सिल, झाला कंपास. आत ड्रिलने छिद्र पाडून तिथून जिगसॉ (गोलाई कापायची बारीक पात्याची विजेची करवत) फिरवायची. जिगसॉ विकत घेऊ नका, कुणाची तरी मागून आणा, दहा मिनिटांचं काम आहे. गोल थोडा वाकडा आला तरी खेळ अडत नाही पण कडेला पॉलिश पेपर नीट मारा, पोरं हात घालतातच.

पाय कॅरेज बोल्ट (गोल डोक्याचा) आणि विंग नटने (हाताने फिरवायच्या पंखवाल्या नटने) लावले की आत दुमडतात. मागची, म्हणजे भोकाकडची बाजू जमिनीपासून १२ इंच हवी, पण पायाचं माप काढायला भूमिती करत बसू नका. बोर्ड टेबलावर ठेवायचा, पाय कडेबाहेर लोंबू द्यायचे, मागचा काठ टेबलापासून १२ इंच उचलायचा आणि टेबलाच्या पातळीला पायावर रेघ मारून कापायचं, तिरका काप आपोआप बरोबर येतो. रंगाचे दोन हात, वर पॉलियुरेथेनचे (पारदर्शक वॉर्निश) दोन-तीन. यात कंजूषी केली तर पिशवी पडली तिथेच चिकटून बसते, घसरत भोकात जाण्यातच तर मजा आहे.

आता पिशव्या. आठ लागतात, चार-चार दोन रंगांच्या. डक क्लॉथचे (जाड सुती कॅनव्हास) ७ इंची चौकोन, प्रत्येक कडेचा अर्धा इंच शिवणीत गेला की ६ बाय ६ उरते, शिवण दुहेरीच घाला. वजन प्रत्येकी साधारण १६ औंस, म्हणजे साडेचारशे ग्रॅम, आणि आठही पिशव्या किचनच्या काट्यावर मोजून सारख्या भरा नाहीतर हाताला सवयच लागत नाही. मशीन बायकोचं, शिवल्या मी, आणि हुशारी करून तांदूळ भरले. एक पाऊस लागला, तिसऱ्या दिवशी गॅरेजभर इडलीच्या पिठाचा वास! जनावरांच्या खाद्याच्या दुकानातला वाळका मका आणा, भरायच्या आधी पाखडून घ्या नाहीतर भुकटी कापडातून बोर्डावर येते. पावसाची भीती असेल तर प्लॅस्टिकचे दाणे भरा, महाग पडतात पण आंबत नाहीत. आणि शिवणं जिवावर येत असेल तर पिशव्या सरळ विकतच्या घ्या, बोर्ड घरचे ठेवा, माझ्या मते पैसे घालायचेच तर तिथे.

जागा मोजलीत का पण? दोन बोर्डांच्या पुढच्या कडांत २७ फूट, त्यात बोर्डांचे ४-४ धरले की ३५ झाले. तेवढं नसेल तर अंतर कमी करा, कोणी पोलीस येत नाही. भोकात ३ गुण, बोर्डावर १, दोघांचे एकमेकांतून वजा करायचे, आधी २१ करेल तो जिंकला. लहानपणी गोट्या खेळून झाल्या असतील तर नेम दोन दिवसांत बसेल.

मक्याच्या पिशव्या रात्री बाहेर विसरू नका, सकाळी खारींनी कुरतडून मका अंगणभर केलेला असतो.