तस्करीतून सुटलेल्या मुलांसाठी काम: वकिली की समाजकार्य?

कोल्हापूरच्या राजारामपुरीतून एका आईनं विचारलंय: "मुलगी बारावी कला शाखेत आहे. तस्करीतून सोडवलेल्या मुलांसाठी स्वतंत्र प्रतिनिधी नेमतात असं तिनं वाचलं, आता तेच करायचं म्हणते. इथं असं काम मिळतं का? वकिली घ्यावी की समाजकार्य?"

ताई, तिनं वाचलं ते बहुधा ब्रिटनचं. तिथल्या 2015 च्या कायद्यात तशी तरतूद आहे. आपल्याकडं हुबेहूब तसं पद नाही. जवळचं काम म्हणजे पॉक्सोच्या, म्हणजे मुलांवरील लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या, खटल्यात बालकल्याण समिती (मुलांच्या संरक्षणाचे निर्णय घेणारी जिल्ह्यातली समिती) नेमते ती सहाय्यक व्यक्ती. मुलाला तारखा समजावणं, जबाबाच्या वेळी सोबत राहणं, समितीला दर महिन्याला अहवाल देणं, हे सगळं खटला संपेपर्यंत. मजुरीला जुंपलेल्या मुलांसाठी जिल्हा बाल संरक्षण कक्ष आणि संस्थांचे कार्यकर्ते धावपळ करतात.

सुटलेली मुलगी कित्येकदा "मी एकोणीस वर्षांची" म्हणते, कारण तसं पढवलेलं असतं. मग आधी शाळेचा दाखला शोधायचा, तो नसेल तर पालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. दोन्ही नसतील तरच वैद्यकीय तपासणी. इथं ढिलाई झाली तर अल्पवयीन पोर सज्ञान म्हणून सोडली जाते. दुसरी चूक घरी पाठवण्याची घाई. विकणारा कधी नात्यातलाच असतो. मुलाच्या घरची परिस्थिती तपासून लिहायच्या सामाजिक तपासणी अहवालाला कायद्यानं 15 दिवस दिलेत; तेवढ्यात घरी जाऊन, शेजारी विचारून खात्री करायलाच हवी.

माझं मत स्पष्ट आहे: आधी समाजकार्य. कुठलीही पदवी चालेल, बीएसडब्ल्यू (समाजकार्याची पदवी) उत्तम. मग दोन वर्षांचं एमएसडब्ल्यू (समाजकार्याची पदव्युत्तर पदवी), ते कोल्हापुरातच 'सायबर' या संस्थेत होतं. वकिली पुढं हवी तर करता येते. सुप्रीम कोर्टानं 2023 मध्ये सहाय्यक व्यक्तीसाठी समाजकार्य, समाजशास्त्र, मानसशास्त्र किंवा बालविकासातली पदव्युत्तर पदवी, नाहीतर पदवी आणि मुलांच्या क्षेत्रातला किमान तीन वर्षांचा अनुभव, अशी पात्रता सांगितली. मानधन कुशल कामगाराच्या किमान वेतनापेक्षा कमी नको, असंही म्हटलंय. म्हणजे सुरुवातीला पैसा बेताचाच. घरात हे आधीच बोलून घ्या.

क्षेत्रकार्यासाठी, म्हणजे शिकताना करायच्या प्रत्यक्ष कामासाठी, तिनं बालगृह किंवा बाल संरक्षण कक्षच मागून घ्यावा. कन्नड शिकावं, सीमेपलीकडची पोरं इथं सापडतात आणि दुभाष्यासमोर ती गप्प बसतात. मुलाचं नाव, फोटो, शाळा कुठंही उघड करता येत नाही, मैत्रिणीच्या ग्रुपवरसुद्धा नाही. ती सवय मात्र आजपासूनच लावा.