रात्री चोरून भरमसाट खाणं ऑनलाइन सेल्फ-हेल्प कोर्सने थांबतं का? मी २० वर्षांची आहे, घरी सांगायचं नाहीये.

माझं थांबलं, म्हणून लिहितेय.

दिवाळी होऊन आठ दिवस झाले होते. आईने दादासाठी बेसनाचे लाडू स्टीलच्या डब्यात वेगळे काढले होते. रात्री पावणेबाराला, दिवा न लावता, ओट्यापाशी उभ्याने मी अकरा लाडू संपवले आणि आवाज न करता झाकण लावलं. सकाळी दादा सगळ्यांसमोर म्हणाला, "डब्याला कुलूप लावा. जिभेवर ताबा नको?"

पुढच्याच महिन्यात समुपदेशक मॅडमनी लॅपटॉपवर कोर्स सुरू करून दिला. रोज नोंद करायची: किती वाजता, कुठे, काय खाल्लं, मनात काय होतं. कॅलरीचा रकानाच नव्हता. तिसऱ्या आठवड्यात नोंदी चाळताना दिसलं, ज्या ज्या रात्री ताबा सुटला त्या प्रत्येक दिवशी दुपारी दोनपर्यंतचे रकाने कोरे. आदल्या रात्रीची भरपाई म्हणून मी उपाशी राहायचे आणि रात्री शरीर ते वसूल करायचं. मग भूक असो-नसो, साडेआठला पोहे, पुढे दर तीन-चार तासांनी काहीतरी. सुरुवातीला पोहे घशाखाली उतरत नव्हते, आरशात फक्त पोट दिसायचं. तरी खाल्ले. जिभेचा दोष नव्हताच, सकाळच्या उपासाचा होता.

पण कोर्समागे माणूस हवाच. ब्रिटनमध्ये उपचारांच्या सूचना ठरवणाऱ्या 'नाइस' संस्थेच्या २०१७ च्या सूचनांतही अशा खाण्यासाठी प्रौढांना आधी सेल्फ-हेल्पच सुचवलंय, पण सोबत १६ आठवड्यांत २०-२० मिनिटांच्या चार ते नऊ भेटी. नुसत्या यंत्रावर विसंबू नकोस. अमेरिकेत २०२३ मध्ये खाण्याच्या विकारांच्या रुग्णांसाठीचा 'टेसा' चॅटबॉट (आपोआप उत्तरं देणारा प्रोग्राम) वजन घटवायचे सल्ले देऊ लागला, तो बंद करावा लागला. कॅलरी मोजणारं अ‍ॅप तर आजच काढून टाक.

आणि हो, बोटं घालून उलट्या काढत असशील, तर आधी डॉक्टरकडे जा. उलट्यांनी रक्तातलं पोटॅशियम उतरलं की हृदयाला धोका असतो. वजन फार घटलं असेल, पाळी थांबली असेल, तरीही कोर्सच्या भरवशावर राहू नकोस. कुणीच नसेल तर टेलि-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

घरी सांगच, असं मी म्हणणार नाही. पण कुणी कुलपाची भाषा केली तर विचार, "मी सकाळपासून काय खाल्लंय, पाहिलंत का?" दादाला मी हे तेव्हाच विचारायला हवं होतं.