झबल्याला ठेवायची ‘माया’ कोणती?

प्रश्न असा आला आहे : ‘तान्ह्या मुलाचे झबले घरी शिवण्याची कृती वाचताना “सर्व बाजूंनी दीड सेंटीमीटर माया ठेवून कापड बेतावे” असे वाक्य आढळले. येथे माया म्हणजे काय? हा छपाईतला दोष आहे, की मार्जिन या शब्दासाठी कोणी घडवलेला पर्याय? आणि खालची दुमड या मायेतच धरायची की निराळी?’

हा छपाईतला दोष नाही आणि कोणी बसून घडवलेला पारिभाषिक शब्दही नाही. शिवणाऱ्यांच्या तोंडी असलेला हा नेहमीचा शब्द आहे. दोन तुकडे जोडणारी टीप जेथे पडते, त्या रेषेपासून कापडाच्या कडेपर्यंत जो पट्टा मुद्दाम राखलेला असतो, तो म्हणजे माया. शिवून झाल्यावर कपडा उलटा करून पाहिला की शिवणीच्या आतल्या अंगाला हा पट्टा दिसतो. सुलट बाजूने त्याचा मागमूसही नसतो.

संभ्रम होतो तो माया या शब्दाला मराठीत इतर अर्थही असल्यामुळे. मात्र सोबत येणारे क्रियापद हे अर्थ बरेच स्पष्टपणे वेगळे करते. माया ‘करतात’ किंवा ‘लावतात’ तेव्हा ती ममता असते. माया ‘जमवतात’ तेव्हा तो पैसा असतो, आणि तोही बहुधा बोलणाऱ्याला न आवडलेल्या मार्गाने आलेला. शिवणकामातली माया मात्र ‘ठेवतात’, ‘धरतात’ किंवा ‘सोडतात’. ‘झबल्याला माया लावली’ असे कोणी लिहिले, तर ते वाक्य शिवणाऱ्याला खटकेल. या अर्थाने शब्दाचे अनेकवचनही होत नाही. दोन्ही कुशींना मिळून ‘दोन माया’ नसतात, ‘दोन्हीकडे माया’ असते.

व्युत्पत्तीचे म्हणाल, तर संस्कृत व्याकरणातली उणादिसूत्रे माया हा शब्द ‘मा’ म्हणजे मोजणे या धातूपासून सिद्ध करतात. माप, मात्रा आणि परिमाण हे शब्द त्याच धातूचे. भ्रम या अर्थाच्या मायेचा मोजण्याशी संबंध लावायला तत्त्वज्ञांना पुष्कळ सायास करावे लागले. कापडावरच्या मायेला ते करावे लागत नाहीत, कारण ती टेपने मोजूनच ठेवली जाते.

आता कामाचा मुद्दा. लहान मुलांच्या कपड्यांत मायेची गल्लत सर्वांत अधिक होते ती सैलपणाशी. ‘वाढत्या अंगाचे शिवा’ असे आपण म्हणतो, तेव्हा कपडा अंगापेक्षा मोठा हवा असतो. हा सैलपणा टिपेच्या आत, अंगाच्या बाजूला असतो. माया टिपेच्या बाहेर असते. बाळाच्या छातीचा घेर ४४ सेंटीमीटर आहे असे धरू. त्याचा चौथा भाग ११. त्यात सैलपणासाठी २ मिळवले की १३, आणि टीप येथे पडली पाहिजे. त्यापुढे १.५ सेंटीमीटर माया, म्हणजे कात्री चालवायची ती १४.५ वर. पाठीची उघड बाजू आणि तिचे बंद यांचा हिशेब निराळा, तो येथे घेत नाही. अशा झबल्याचा घेर ५२ सेंटीमीटर भरतो आणि बाळाला हात हलवायला ८ सेंटीमीटर मोकळीक मिळते. आता कोणी सैलपणालाच माया समजून १३ वरच कापले आणि मग दीड सेंटीमीटर आत टीप घातली, तर दोन्ही कुशींत पुढचे व मागचे कापड मिळून ६ सेंटीमीटर शिवणीत जातात; मोकळीक उरते ती केवळ २. असे झबले पहिल्या दिवशी अंगात जाईलही, पण महिन्याभरात काखेत काचू लागेल. दोन शब्द वेगळे ठेवण्याचा मी आग्रह धरतो तो यासाठी.

दुमडीचेही तसेच. माया दोन तुकड्यांच्या जोडावर असते. दुमड एकाच तुकड्याच्या मोकळ्या कडेला, म्हणजे झबल्याच्या खाली किंवा बाहीच्या तोंडाशी असते आणि हेम घालून बसवलेली असते. म्हणून दुमड मायेत धरू नये. वाढवायचे झाले तर रुंदी मायेतून मिळते आणि लांबी दुमडीतून. मुले रुंदीपेक्षा लांबीला लवकर वाढतात, तेव्हा कापड थोडेच असेल तर दुमड सढळ ठेवून माया बेताची ठेवणे शहाणपणाचे. शिवाय एवढ्याशा कपड्यात दोन-अडीच सेंटीमीटर माया ठेवली की काखेशी तिचा जाड गोळा होतो आणि तो नेमका नाजूक कातडीला घासतो. काखेच्या वळणावर मायेला टिपेच्या अगदी जवळपर्यंत बारीक चिरा दिल्या की ती सपाट बसते. टीप मात्र कापली जाता कामा नये. गळ्याला अर्धा सेंटीमीटर पुरे, आणि तिरकस कापलेल्या पट्टीचा गोट लावणार असाल तर तेवढीही नको, कारण कड गोटाच्या पोटात जाते.

‘सोडणे’ या क्रियापदाविषयी एक सावधगिरी सुचवावीशी वाटते. बेतताना ‘माया सोडली’ म्हणजे राखली; पण जुना कपडा मोठा करताना ‘माया सोडली’ म्हणजे शिवण उसवून ती मोकळी केली. एकच शब्दजोड, आणि दोन जवळजवळ उलट क्रिया. बोलताना समोर कापड असते, त्यामुळे अडत नाही. छापील कृतीत मात्र अडते. म्हणून लिहिताना बेतण्यासाठी ‘ठेवणे’ आणि मोठे करण्यासाठी ‘उसवून मोकळी करणे’ असे लिहावे. पुष्कळदा धुतलेल्या एका फ्रॉकची कूस मी अलीकडेच उसवली, तेव्हा आतून निघालेला पट्टा मूळच्या गर्द निळ्या रंगाचा होता आणि बाकीचा फ्रॉक आकाशी झालेला. मधोमध जुन्या टिपेच्या छिद्रांची रांग तशीच होती. मायेचा अर्थ कोणाला समजावून सांगायचा असेल, तर असा उसवलेला कपडा हाती देणे सर्वांत सोपे.

राहिला मार्जिन. तो शब्द शिवणवर्गांत सर्रास चालतो आणि त्याला माझा विरोध नाही. पण त्याची आपल्याला गरजही नाही. कागदाच्या कडेला सोडलेल्या कोऱ्या जागेला मराठीत समास म्हणतात आणि कापडाच्या कडेला राखलेल्या पट्ट्याला माया. मार्जिन हा एकच शब्द या दोन्हींवरून फिरतो. आपल्याकडे दोन असताना एकावर येण्यात काही लाभ मला दिसत नाही.

प्रश्नातल्या वाक्यात खरा दोष आहे तो ‘माया’चा नव्हे, ‘सर्व बाजूंनी’चा. कापड घडी घालून कापतात तेव्हा घडीच्या बाजूला शिवणच नसते, त्यामुळे तेथे माया ठेवली तर झबले विनाकारण रुंद होते. ते वाक्य मी असे लिहीन : ‘खांद्याला व दोन्ही कुशींना दीड सेंटीमीटर आणि गळ्याला अर्धा सेंटीमीटर माया ठेवावी, खाली तीन सेंटीमीटर दुमड वेगळी धरावी, घडीच्या बाजूला काही ठेवू नये.’